शिळेवरचा गणपती

जुन्नरात कोण काय करतो हे विचारायला कुणी थांबत नाही. त्यानं काय करायला नको होतं, ते मात्र जो तो सांगतो. राजमहंमद लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढून पोट भरणार आहे, असं एकदा बाजारपेठेत कळलं आणि आठवडाभर गावाला दुसरा विषय उरला नाही. शेळ्या-माकडं काढून कुणाचं पोट भरतं होय, असं सगळे म्हणत होते. म्हणणारे कोण, तर सकाळी दुकानाच्या फळीवर बसायचं आणि दिवेलागणीला उठायचं, एवढाच ज्यांचा उद्योग. सुट्टीला गावी आलो की त्यांत मीही असायचो. मी तर शाळामास्तर, नाक मुरडण्याचा पगारच घेत होतो म्हणा ना.

राजमहंमद कागद्यांच्या घरातला. त्याचा बाप इब्राहिमचाचा जुन्नरी कागद करायचा. जुनं गोणपाट कुजवायचं, कुटायचं, हौदात त्याचा लगदा कालवायचा, ताव उचलून भिंतीवर वाळवायचे, खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडानं एकेक ताव घोटत बसायचं. आमच्याकडच्या शहाण्यासुरत्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या त्या कागदावर पोथ्या लिहिल्या, खरेदीखतं लिहिली आणि कागदाची तोंड भरून तारीफ केली. पुढं गिरणीचा कागद आला, पांढराफेक आणि स्वस्त. तारीफ करणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात तो घरात आणला आणि इब्राहिमचाचाच्या दारावरून जाताना मान दुसरीकडं वळवायला लागले. चाचाचा हौद कोरडा पडला, तरी घोटायचा दगड त्यानं टाकला नाही. नुसता हातात घेऊन ओट्यावर बसायचा.

राजमहंमद आणि मी एका वर्गात होतो. फाटक्या, खराब गेलेल्या तावांवर तो बोरू घेऊन काही ना काही काढत बसायचा. आमच्या मास्तरांची पगडी त्यानं एकदा अशी हुबेहूब काढली, की मास्तरांनी ओळखली आणि त्याला बदडला. सोळाव्या वर्षी तो पुण्याला एका शिळाछापखान्यात गेला. तिथं पहिलं वर्षभर त्याला नुसत्या शिळा घासायला लावल्या, वाळू आणि पाणी घालून. दुसऱ्या वर्षी तेलकट शाईनं शिळेवर लिहायला शिकवलं. या कामाची सगळी मेख अशी, की शिळेवर जे उलटं, ते कागदावर सुलटं उमटतं. म्हणून अक्षर उलटं लिहायचं, चित्र उलटं काढायचं, डाव्याचं उजवं करायचं. तीन वर्षांत राजमहंमदचा हात असा बसला, की तो आरशातल्यासारखं लिहायचा आणि वर गप्पाही मारायचा.

एवढ्यात आमच्या गेणभाऊंना छापखान्याची हौस आली. गेणभाऊ म्हणजे हिरड्याचे व्यापारी. मढ गावच्या अंगाच्या डोंगरातले लोक हिरडा गोळा करून आणत आणि गेणभाऊ तो पोत्यांनी पुढं पाठवत. माणसाला पैसा झाला की मान पाहिजे असतो. गेणभाऊंनी पुण्यातला एक जुना छापखाना उचलून आणला आणि वखारीच्या पुढच्या खोलीत मांडला. मागं हिरड्याची पोती, पुढं शिळा. राजमहंमदला त्यांनी बोलावून कामाला ठेवलं. लग्नपत्रिका निघू लागल्या, जत्रेच्या जाहिराती निघू लागल्या. चार वर्षं गेणभाऊ त्या खोलीत रोज तासभर तक्क्याला टेकून बसत होते, पण शिळेवरचं काम त्यांनी कधी वाकून बघितलं नाही. मालकानं वाकायचं म्हणजे काय, असं त्यांना वाटत असावं.

मुलांच्या पुस्तकाची कल्पना राजमहंमदची. मी तेव्हा आंबेगावकडं पेठच्या शाळेत होतो. तो एकदा मला भेटायला आला आणि शाळेतलं चित्रांचं पुस्तक चाळत बसला. त्यात टोपी घातलेली एक गोरी पोर होती, बर्फ होतं, गादीवर बसलेलं कुत्रं होतं. माझ्या वर्गातली पोरं त्या बर्फाला कापूस समजायची आणि मीही कधी त्यांची समजूत दुरुस्त केली नव्हती, कारण बर्फ मी तरी कुठं बघितलं होतं? राजमहंमद म्हणाला, आपल्या पोरांना आपली शेळी दिसली पाहिजे. मग तीन दिवस तो पेठला राहिला. बैल, कोंबड्या, रहाट, मोटेवरची माणसं, सगळं त्यानं टिपून घेतलं. लोक मागं उभे राहून हसायचे, आणि चित्रात आपला बैल ओळखू आला की हसणं विसरून बैलाच्या शिंगाबद्दल भांडायचे.

चित्रांबरोबर कविता पाहिजेत म्हणून त्यानं मला गाठलं. मी चोवीस कविता लिहिल्या. आज्ञाधारक मूल, सत्यवचनी मूल, पहाटे उठणारं मूल. असलं मूल मी उभ्या जन्मात बघितलेलं नाही. पुस्तकाला मी नाव दिलं 'बालसन्मार्गदर्पण'. यात माझी सगळी अक्कल आली. राजमहंमदनं मात्र त्या आज्ञाधारक मुलाच्या पानावर आपली लेक जैबुन्निसा काढली, पाच वर्षांची, शेळीचं पिल्लू काखेत दाबून पळणारी. मी म्हणालो, ही आज्ञाधारक कुठून? तो म्हणाला, पिल्लाला विचारा.

नावाचा प्रश्न तेव्हाच निघाला. पहिल्या पानावर कवी म्हणून माझं नाव, प्रकाशक म्हणून गेणभाऊंचं. राजमहंमदनं विचारलं, माझं? गेणभाऊंनी विड्याचं पान लावता लावता सांगितलं, की पुस्तक बरं उतरू दे, मग बघू. त्यांच्या तोंडचं 'बघू' म्हणजे काय, ते सगळ्या जुन्नरला माहीत होतं. राजमहंमदलाही होतं. पण त्यानं आशा धरली, कारण त्याला दुसरा रस्ताच नव्हता. मला तो म्हणाला होता, पुण्यातला छापखानेवाला पहिलं हेच विचारतो, की आजवर काय काढलंस? लग्नपत्रिका दाखवून मुलांच्या पुस्तकाचं काम कोण देतं? "माझं नाव छापलेलं एक पुस्तक पायजे, मास्तर. एकच. मग मी माझं बघून घीन."

पुस्तकाच्या आरंभी गणपती पाहिजेच. राजमहंमद मला विचारायला आला, सोंड कोणीकडं? मी त्याला नीट समजावलं. डाव्या सोंडेचा गणपती घराघरांतला, लेकुरवाळ्यांचा. उजव्या सोंडेचा फार कडक, त्याचं सोवळं-ओवळं सांभाळावं लागतं, पोरांच्या शेंबड्या हातात तो देऊन चालायचा नाही. त्यानं सगळं ध्यानात घेतलं. इतकं, की लेण्याद्रीला जाणाऱ्या चार बायकांनाही पुन्हा विचारून खात्री केली. त्याच्या भाऊबंदांतले दोघे-तिघे कुरकुरत होते, हा देवाधर्माची चित्रं कशाला काढतो म्हणून. आमच्यातलेही कुरकुरत होते, आमचा देव त्याच्या हातून कशाला म्हणून. दोन्हींकडचे शहाणे एका सुरात बोलण्याची जुन्नरातली ती पहिलीच वेळ असेल.

गणपती शिळेवर उतरला तेव्हा मी सुट्टीवर जुन्नरात होतो आणि तिथंच उभा होतो. सुरेख काढला होता. डाव्या हातात मोदक आणि सोंड मोदकाकडं वळलेली. अर्थात शिळेवर सगळं उलटं, म्हणजे सोंड उजवीकडं दिसत होती. एवढ्यात गेणभाऊ कचेरीतल्या अव्वल कारकुनाला छापखाना दाखवायला घेऊन आले. पाहुणा बरोबर, म्हणून त्या दिवशी ते जन्मात पहिल्यांदा शिळेवर वाकले. आणि वाकले ते ओरडलेच, की ही सोंड उजवी कशी. राजमहंमदनं सांगितलं, मालक, शिळेवर उलटं असतं, कागदावर डावी येईल. गेणभाऊ पाहुण्याकडं बघून लालेलाल झाले. आपल्याच छापखान्यातली गोष्ट आपल्याला नोकर सांगतो, हे त्यांना सहन होईना.

"अक्षरं उलटी असत्यात ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "देव कसा उलटा आसंल? सोंड फिरव."

राजमहंमद म्हणाला, एक कागद काढून दाखवतो. गेणभाऊ म्हणाले, उजव्या सोंडेचा एक कागदसुद्धा माझ्या छापखान्यातून निघता कामा नये. मग ते माझ्याकडं वळले. मास्तर, तुम्ही सांगा. आता मला सगळं ठाऊक होतं. त्या शिळेवर माझंच नाव उलटं लिहिलेलं समोर दिसत होतं, आणि गेणभाऊंनी दुसऱ्या पुस्तकाचंही माझ्या कानावर घातलं होतं. मी म्हणालो, देवाच्या बाबतीत सावध असलेलं बरं. धड हो नाही, धड ना नाही. शाळामास्तर असाच बोलतो. अव्वल कारकुनानं मान डोलावली, गेणभाऊंनी मिशीवरून हात फिरवला आणि दोघं पानसुपारीला गेले.

राजमहंमदनं वज्रीसारख्या खरबरीत दगडानं सोंड घासून काढली आणि दुसऱ्या बाजूला नवी काढली. फक्त सोंड. मोदक होता तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी गेणभाऊ हिरड्याच्या खरेदीला डोंगराकडं गेले, मी परत येण्याच्या आत पुस्तक तयार पाहिजे असं बजावून. पहिला कागद निघाला तो घेऊन राजमहंमद माझ्या घरी आला. कागदावर उजव्या सोंडेचा गणपती, आणि ती सोंड मोदकाकडं पाठ करून रिकाम्या हाताकडं गेलेली.

"मास्तर, एका दुपारचं काम हाय. परत फिरवतो. मालक आलं की तुमी फकस्त म्हना, मी सांगितलं व्हतं."

एवढंच मागत होता. मी अंगणात उभा राहून बराच विचार केल्यासारखं दाखवलं आणि म्हणालो, मालकाचा हुकूम मालकाला विचारल्याशिवाय मोडू नये. त्यानं कागदाची घडी केली आणि गेला. पाचशे प्रती तशाच छापल्या. मला तेव्हा हायसं वाटलं, हे सांगायची आज लाज वाटते.

पुढं काय झालं ते कुणीही सांगेल. पुस्तक बाजारच्या दिवशी मांडलं आणि पहिल्याच किराणावाल्यानं सोंड ओळखली. मग काय विचारता. ज्यांनी दहा वर्षांत एक पान वाचलं नव्हतं, ते पुस्तक उघडून पहिल्या पानावर बोट ठेवून फिरू लागले. त्याला काय कळतंय सोंडेतलं, असं आमचे लोक म्हणाले. तू गेलासच कशाला, असं त्याचे लोक म्हणाले. पोरं तेवढी खरं बोलली. एका पोरीनं आईला विचारलं, गणपतीला मोदक नको का गं? गेणभाऊ डोंगरातून आले आणि दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. कागद बघून त्यांना सगळं कळलं असणार. इतकं बिनडोक कुणी नसतं. पण चूक कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं, आणि कबूल करण्याची त्यांच्या घरात चाल नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, की पहिल्या पानावर एक चिठ्ठी डकवायची. मजकूर तुम्ही लिहा, तुमची भाषा चांगली आहे. मी लिहिला. भाषा चांगलीच होती:

'या पुस्तकातील सर्व चित्रे जुन्नर येथील राजमहंमद इब्राहिम कागदी यांनी काढिली आहेत. पहिल्या चित्रातील श्रींच्या सोंडेचा दोष सर्वस्वी चित्रकाराचा असून त्यास प्रकाशक व कवी जबाबदार नाहीत.'

'व कवी' हे मी माझ्या मनानं घातलं. गेणभाऊंनी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठीसुद्धा शिळेवरच छापायची, म्हणजे लिहिणार कोण, तर राजमहंमदच. त्याच्याखेरीज जुन्नरात उलटं लिहिणारा होता कोण? मी मजकूर त्याच्या हातात दिला आणि तो काय बोलतो याची वाट बघत उभा राहिलो. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेणार होतो, तेवढी तयारी करून गेलो होतो. त्यानं दोनदा वाचलं. मग शिळा पुसली आणि लिहायला बसला. माझं वाक्य अक्षराअक्षरानं उलटं होत गेलेलं मी बघितलं. गेणभाऊ येऊन शिळेकडं बघून गेले, ठीक आहे म्हणाले. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता आलं नव्हतं. त्या शिळेवर राजमहंमदला काय वाटेल ते लिहिता आलं असतं. छापून, डकवून, पुस्तकं गावभर गेल्यावर गेणभाऊंना कळलं असतं. मी त्याच्या जागी असतो तर खरं तेच लिहिलं असतं, असं मी पुढं पुष्कळदा स्वतःशी म्हणालो. पण मला माहीत आहे, मी काय लिहिलं असतं. त्यानं माझा मजकूर काना-मात्रेचा फरक न करता लिहिला, आणि पाचशे चिठ्ठ्या खळीनं स्वतः डकवल्या, बरोबर माझ्या नावाच्या खाली.

मग एक प्रत फडक्यात बांधून तो पुण्याला निघून गेला. गावानं आणखी आठवडाभर तोंडसुख घेतलं. म्हणे, आता शिळाच घासणार. गेणभाऊंचा छापखाना दोन महिन्यांत बंद पडला, कारण पत्रिका लिहायला माणूस मिळेना. शिळा त्यांनी वखारीच्या दारात पायरीला बसवल्या. आणि न खपलेली 'बालसन्मार्गदर्पणं', म्हणजे जवळजवळ सगळीच, गाडीत भरून पेठच्या शाळेला दान केली. दानाबद्दल शाळा तपासणाऱ्या डेप्युटींकडून शाबासकीचं पत्रही मिळवलं.

वर्षभरानं पुण्याहून शाळेत एक नवं पुस्तक आलं, पशुपक्ष्यांचं. पोरांनी पान उलटलं आणि ओरडली, मास्तर, ही आपली शेळी. पहिल्या पानावर ठळक छापलं होतं, 'चित्रे: राजमहंमद जुन्नरकर'. त्यानंतर अशी आणखी तीन आली. जुन्नरच्या बाजारपेठेत आता सगळे सांगू लागले, की राजमहंमदचा हात पहिल्यापासूनच चांगला, आम्ही तेव्हाच ओळखलं होतं. आणि सांगताना कुणाची जीभ अडखळली नाही.

एकदा तो पुण्याहून जुन्नरला जाताना टांगा थांबवून शाळेत आला. जैबुन्निसा बरोबर होती, आता उंच झालेली. मी गूळ-पाणी दिलं आणि न राहवून विचारलं, पुण्यात काम मिळालं कसं? तो म्हणाला, सहा छापखाने फिरलो. सगळे विचारायचे, ही चित्रं तुझीच कशावरून? पुस्तकावर तर मास्तरांचं नाव आहे. मग मी चिठ्ठी दाखवायचो. पाच जण चिठ्ठी वाचून हसले. सहाव्यानं चिठ्ठी वाचली, मग गणपतीकडं बघितलं, मग मोदकाकडं. शिळेवर आयुष्य घालवलेला माणूस होता तो. त्यानं विचारलं, सोंड कुणी फिरवायला लावली?

तू काय सांगितलंस, मी विचारलं.

"सांगितलं, हात माझाच व्हता. दुसऱ्याचं नाव कशाला घ्या?" मग टांग्याकडं जाता जाता तो म्हणाला, "मास्तर, मालकानं माझं नाव कवाच घातलं नसतं. तुमी घातलंत. सर्व चित्रं, असं लिवलंत. त्याच्यावर मला काम मिळालं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो अगदी सरळ बोलत होता, आणि टांगा जुन्नरच्या वाटेला लागला तेव्हा जैबुन्निसानं मला हातसुद्धा केला.

ती दान आलेली पुस्तकं अजून माझ्या शाळेच्या कपाटात आहेत. सरकारी पुस्तकं उशिरा येतात, तोवर दर साली नव्या पोरांना वाचायला तीच द्यावी लागतात. पोरं पहिल्या पानापासून सुरुवात करतात आणि पहिल्या पानावर चिठ्ठी. सगळा वर्ग मोठ्यानं, सुरात, बोट ठेवून वाचतो: व कवी जबाबदार नाहीत. दर साली कुणीतरी एक पोर मला विचारतंच, मास्तर, कवी म्हंजी कोन? आणि मला सांगावं लागतं, मी.